दर मे महिन्यात त्याच खड्ड्यातलं झाड वाळतं, ते का?

जुलैत ग्रामपंचायतीने झाडं लावली, फोटो निघाले, पोळ्यापर्यंत रोपं जोमात होती. दिवाळीलाही पानं हिरवी. होळीच्या सुमारास शेंडा मान टाकू लागला आणि नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आतच रोपाची काडी झाली. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवं रोप, नवा फोटो. कारण विचारलं की वऱ्हाडात उत्तर ठरलेलं असतं : "ऊनच लय तपते जी, झाडं काय करतीन?"

ऊन तपतं हे खरंच आहे. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही नावं दर उन्हाळ्यात बातम्यांत असतात. पण अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात फिनिक्स नावाचं शहर आहे. तिथे २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता आणि वर्षभराचा सरासरी पाऊस २०० मिलिमीटरच्याही आत. तिथेही रस्त्याकडेला झाडं जगतात. आपल्याकडे कमी पावसाच्या अकोला-बुलडाण्याकडेही त्याच्या तिप्पट-चौपट पाऊस पडतो, गडचिरोलीचं तर बोलायलाच नको. म्हणजे नुसत्या उन्हाला दोष देऊन भागत नाही. माझ्या मते मे महिन्यातल्या दहा मरणांपैकी बहुतेकांची तयारी जुलै ते ऑक्टोबर याच काळात होऊन गेलेली असते. मे फक्त हिशेब चुकता करतो.

आधी ते खरंच मेलं का ते बघा

जमिनीपासून वीतभर उंचीवर नखाने साल खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. साग, पळस, मोह ही झाडं उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकतात, तो त्यांचा स्वभावच आहे. फेब्रुवारी-मार्चात सागाचं रोप नुसती छडी दिसते. पाणी टाकणारा माणूस म्हणतो, "हे तर गेलं," आणि पाणी बंद करतो. मग ते खरंच जातं. शेंडा वाळला आणि बुडाशी फुटवा आला, तर वाळलेला भाग हिरव्यापर्यंत छाटून टाका, पाणी चालू ठेवा. पावसात त्याच बुडातून नवा शेंडा सरळ वर येतो.

खरंच मेलं असेल तर धरून उपटू नका. उपटलं की मुळं तुटून आत राहतात आणि जे बघायचं तेच हाती लागत नाही. बाजूने टिकासाने हातभर खोदा, रोप मुळासकट काढा, बादलीत बुडवून माती धुवून टाका.

मुळं काळी पडलेली, बोटाने ओढली की साल मोज्यासारखी सुटून येते, वास कुजका : हे रोप पावसाळ्यात पाणी साचून गेलं. वर हिरवं होतं तोवर खाली मुळं सडत होती, उन्हाळ्यात पाणी ओढायला मुळंच उरली नाहीत. मुळं कोरडी ठणठणीत, वास नाही, पण सगळी वरच्या वीतभर थरातच पसरलेली : हे तहानेने गेलं, आणि गंमत म्हणजे बहुधा रोज पाणी मिळत असतानाच गेलं. मुळं काळ्या पिशवीच्या आकारातच गोल गुंडाळलेली, बाहेर एकही गेलेलं नाही : रोप जमिनीत होतं, पण राहत होतं पिशवीतच. बुडाशी मातीचा लेप आणि आत पोकळ : उधळी, म्हणजे वाळवी. बुडाची साल गोल सोललेली असेल तर बकरी, ससा किंवा पेट्रोलवरचं ग्रास कटर. हे शेवटचं कारण आता गावोगावी वाढतंय, कारण सोयाबीनच्या निमित्ताने ते मशीन घरोघरी आलंय. आळ्यातलं गवत त्याने साफ करायला गेलं की दोरी सालीला लागते, आणि सालीचा कडा पूर्ण गोल कापला गेला की वरून कितीही पाणी टाका, उपयोग नाही. रोपाभोवती दीड हात गवत खुरप्यानेच काढायचं.

खड्ड्याचंच टाकं होतं

काळ्या जमिनीत हे सगळ्यात जास्त होतं. ट्रॅक्टरला जोडलेल्या मशीनने एका दिवसात दोनशे खड्डे पडतात, काम झटपट होतं, पण ओल्या काळ्या मातीत मशीनचं पातं फिरलं की खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत, घट्ट होऊन बसतात. पावसाचं पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. मुळंही त्या भिंतीला टेकतात आणि आतच वळतात. वरून खड्ड्यात निव्वळ शेणखत भरलेलं असेल तर ते बसतं, रोप खाली खचतं, बुंधा मातीत गाडला जातो.

चाचणी सोपी आहे. खड्डा पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. पाणी उरलं असेल तर त्या जागी सपाट लावू नका. हातभर उंच आणि चार-पाच हात रुंद उंचवटा करा, रोप त्यावर लावा, उताराला बाजूने चर काढून द्या. मशीनचे खड्डे असतील तर भिंती सब्बलीने चारही बाजूंनी खरवडून खडबडीत करा. भरताना तीच माती वापरा, एखादं घमेलं कुजलेलं शेणखत मिसळा, बस. पिशवीत रोप ज्या पातळीवर होतं त्याच पातळीवर जमिनीत राहायला हवं. पिशवी काढल्यावर तळाची मुळांची गुंडाळी बोटभर कापून टाका आणि गोळ्याच्या बाजूला तीन-चार उभे छेद द्या. जीव तुटतो कापताना, पण न कापलेलं रोप पाच वर्षांनी मृगाआधीच्या वादळात मुळासकट आडवं होतं.

ज्या खड्ड्यात दोन झाडं गेली तो खड्डा सोडून द्या. चार-पाच हात बाजूला नवा घ्या. जुना बुजवू नका, पाणी मुरायला तसाच राहू द्या.

खड्डा पाणी मुरायला आणि झाड बाजूच्या उंचवट्यावर, ही युक्ती काही नवी नाही. ॲरिझोनातच टुसॉन नावाचं दुसरं शहर आहे, पाऊस ३०० मिलिमीटरच्या आत, त्यातला निम्म्याच्या आसपास पाऊस जून अखेर ते सप्टेंबर या त्यांच्या पावसाळ्यात पडतो. तिथे रस्त्याच्या कडेचा सिमेंटचा कठडा जागोजाग कापून रस्त्यावरचं पाणी झाडाजवळच्या खोलगट आळ्यात घेतात. झाड मात्र आळ्याच्या तळाला लावत नाहीत, शेजारच्या उंच पायरीवर लावतात. एवढ्या कमी पावसाच्या गावातही झाड बुडण्याची भीती धरतात, आणि आपण आठशे-हजार मिलिमीटरच्या पावसात, काळ्या मातीत, झाड खड्ड्याच्या तळाला बसवतो.

आपल्या गावात आता गल्लोगल्ली सिमेंट रस्ते झालेत. पावसाचं पाणी त्यावरून धावत नाल्यात जातं. रस्त्याच्या उताराला जिथे पाणी वळण घेतं तिथे कडेला एक फावडाभर रुंद तोंड फोडलं, तरी दर पावसात शंभरेक लिटर पाणी झाडाच्या बाजूला मुरतं. सांडपाण्याच्या नालीचं पाणी मात्र त्यात येता कामा नये. शाळेच्या छताचा हिशेब तर तोंडपाठ करण्यासारखा आहे : एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरचं टिनाचं छत आणि आठशे मिलिमीटर पाऊस म्हणजे ऐंशी हजार लिटर. उडून, सांडून, वाया जाऊनही साठेक हजार लिटर हाती येतं. आज ते पागोळ्यांनी भिंतीच्या बुडाशी पडून पाया खचवतं.

मुरमाड, बरड जागेचं दुखणं उलटं. तिथे पाणी थांबतच नाही आणि मूळ मुरमात शिरत नाही. खड्डा एप्रिल-मेमध्येच खोदून ठेवा, तळाला सब्बलीने आणखी वीतभर फोडा, तलावातला गाळ एक हिस्सा आणि निघालेला मुरूम दोन हिस्से असं भरा. नुसता गाळ भरला की बरड जागेतही टाकंच तयार होतं.

रोजचा तांब्याभर

पाणी टाकायला नेमलेला माणूस इमानदार असेल तर रोज सकाळी येतो आणि प्रत्येक झाडाच्या बुडाशी एक-एक गुंड, म्हणजे छोटी कळशी, ओततो. एवढी मेहनत आणि झाड तरी मरतं, तेव्हा त्याला वाईट वाटतं. पण थोडं-थोडं पाणी वरच्या चार बोटांतच राहतं, दुपारपर्यंत उडून जातं. मुळं पाण्याच्या मागे जातात, म्हणून तीही वरच राहतात, आणि मे महिन्यात वरची चार बोटं माती हात भाजेल इतकी तापते. मुळं त्यातच.

एक लोखंडी सळई घ्या, बोटाएवढ्या जाडीची, तीन-चार फूट लांब. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी आळ्यात हाताच्या जोरानेच खुपसा, ठोकू नका. ओल्या मातीत ती सरकत जाते, कोरडी माती लागली की दगड लागल्यासारखी थांबते. थांबली तिथपर्यंतच तुमचं पाणी गेलंय. ॲरिझोनात लोकांना सांगायचा साधा नियम आहे : लहान रोपांना एक फूट, झुडपांना दोन फूट, झाडांना तीन फूट खोल ओल. आपल्या वर्ष-दोन वर्षांच्या झाडाला दीड-दोन फुटांपर्यंत सळई गेली की समाधान मानायला हरकत नाही. वीतभरातच अडली तर पाणी वाढवा आणि दिवस कमी करा.

साधारण अंदाज असा धरा. पहिल्या वर्षी दसऱ्यानंतर दर आठ-दहा दिवसांनी वीस-पंचवीस लिटर, होळीनंतर दर पाच-सहा दिवसांनी तीस-चाळीस. एका माणसाला हे रोजच्या फेरीपेक्षा सोपं जातं, कारण रोज सगळ्या झाडांकडे जायचं नसतं, रोज पाचवा-सहावा हिस्साच करायचा असतो. पाणी बुंध्याला नको, आळ्याच्या कडेला द्या, आणि दरवर्षी आळं हातभर बाहेर सरकवा. दुसऱ्या वर्षीही पहिल्या वर्षाच्याच आळ्यात पाणी पडत असेल तर झाड मोठं आणि मुळं लहान, अशी गत होते. ठिबक असेल तर एक तोटी बुंध्याशी ठेवून विसरू नका. दोन तोट्या, दोन बाजूंना, दरवर्षी बाहेर.

दिवाळीनंतरचा काळ फसवा. जमीन वरून ओली वाटते, रोप टवटवीत दिसतं, कापूस वेचायची घाई असते, पाण्याकडे कोणी बघत नाही. ह्याच दोन-तीन महिन्यांत ओल खाली-खाली जाते. मुळांना तिच्या मागे उतरवायचं असेल तर खोल पाणी ह्याच काळात हवं. मार्चमध्ये शेंडा झुकल्यावर धावाधाव करून टाकलेल्या टँकरपेक्षा नोव्हेंबरातल्या तीन खोल पाण्यांचं मोल जास्त.

आणखी एक. उघड्यावर पडलेल्या काळ्या पाइपात दुपारी पाणी इतकं तापतं की हाताला चटका बसतो. पहिलं पाणी बादलीत घ्या, थंड यायला लागलं की मग आळ्यात सोडा. शक्य तर पहाटे नाहीतर सूर्य मावळल्यावर. लोडशेडिंगचं वेळापत्रक आपल्या हाती नाही, पण पाइप सावलीतून नेणं हाती आहे.

भेगा

काळी जमीन एप्रिलमध्ये फाटते. भेग आळ्यातून आरपार गेली असेल तर आळ्यात ओतलेलं पाणी डोळ्यांदेखत गडप होतं, झाडाला काहीच मिळत नाही. भेग बारीक मुळंही तोडते आणि आतल्या ओलीला उन्हा-वाऱ्यासमोर उघडं पाडते. शेतकऱ्याला हे सांगायला नको. एक कोळपणी अर्धं पाणी, असं म्हणत आपण कपाशीत डवरे हाकतोच. तेच झाडाच्या आळ्यात करायचं विसरतो. पाणी दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, वाफसा आला की आळं दोन बोटं खुरपून माती भुसभुशीत करा, भेगेत बारीक माती कोंबा आणि वर आच्छादन टाका.

आच्छादनाला सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, उत्तम, पण जिथे ढोरं मोकळी फिरतात तिथे ते दोन दिवसांत फस्त होतं आणि त्याबरोबर रोपाचा शेंडाही. तिथे तुराट्या नाहीतर पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे, तुकडे टाका. पऱ्हाटी बारीक करूनच टाका, उभे ढीग लावू नका, त्यात गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम करते. थर चार बोटं जाड, बुंध्यापासून वीतभर लांब. उधळी दिसत असेल तर खाली निंबोळी पेंड मिसळा. आणि एप्रिलमध्ये धुरे, म्हणजे शेताचे बांध, जाळायची जी खोड आहे, ती आच्छादनासाठी काळ ठरते : झाडांच्या रांगेभोवती दोन हात पट्टा खरवडून साफ ठेवा.

हिरवळ काढली आणि झाडं गेली

हा प्रश्न आता खेड्यातही येतोय, म्हणून जरा लांबण लावतो. पंचायतीसमोर, मंदिराच्या आवारात, शाळेच्या दर्शनी भागात हिरवळ लावायची टूम निघाली. हायवेवरच्या लग्नाच्या लॉनचं तर नावच लॉन. काही वर्षं ती छान दिसते. मग बोअर आटतो, हिरवळ पिवळी पडते, कोणीतरी म्हणतं काढून टाका आणि गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसवा. गट्टू बसतात. आणि वर्षभरात हिरवळीतली सात-आठ वर्षांची चांगली वाढलेली झाडंही वाळायला लागतात. लोक म्हणतात, "झाडायले नजर लागली."

हिरवळीत वाढलेलं झाड हिरवळीच्याच पाण्यावर जगत असतं. तुषार सिंचनाने रोज वरवर भिजणाऱ्या थरातच त्याची मुळं पसरलेली असतात. हिरवळीचं पाणी बंद केलं की झाडाचंही बंद होतं, आणि खाली उतरायला त्याला ना वेळ मिळतो ना ओल. लास वेगास हे नेवाडाच्या वाळवंटातलं शहर, पाऊस वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास. तिथे लोकांनी हिरवळ काढावी म्हणून पाणी खातं चौरस फुटाप्रमाणे पैसे देतं. एक चौरस फूट हिरवळ गेली की वर्षाला ५५ गॅलन, म्हणजे सुमारे २०८ लिटर पाणी वाचतं, असा त्यांचा हिशेब. २०२१ मध्ये नेवाडा राज्याने कायदाच केला : नुसत्या शोभेच्या, कोणी वापरत नाही अशा हिरवळीला २०२६ संपल्यावर कोलोरॅडो नदीचं पाणी द्यायचं नाही. घरं, शाळा, खेळायची मैदानं त्यातून वगळली. पाणी वाचलं, पण हिरवळ गेल्यावर तिच्या जिवावर वाढलेली मोठी झाडं वाळल्याच्या तक्रारीही तिथे झाल्या. दुखणं तेच, फक्त तिथे पैसे मिळून झालं.

हिरवळ काढूच नये असं मी म्हणत नाही. हिशेब बघा. कडक उन्हाळ्यात हिरवळ जिवंत ठेवायला दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी लागतं. एक गुंठा म्हणजे साधारण शंभर चौरस मीटर, म्हणजे रोज सहाशे-सातशे लिटर. जलजीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटर धरलंय. एका गुंठ्याच्या हिरवळीत रोज अकरा ते तेरा माणसांचं पाणी जातं, तेही ज्या महिन्यात गावात टँकर फिरतो त्या महिन्यात. तेवढ्याच पाण्यात शंभर तरुण झाडं आरामात उन्हाळा काढतात. काढावीच, पण क्रम चुकवू नका. आधी झाडाचं पाणी वेगळं करा, मग हिरवळीचं तोडा.

दसऱ्याच्या सुमाराला सुरुवात करा. प्रत्येक झाडाला त्याच्या फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या थोडं आत, जमिनीवर गोल ठिबकची नळी टाका, नाहीतर साधं गोल आळं करा. त्यात दर दहा-बारा दिवसांनी खोल पाणी, सळई दोन-तीन फूट जाईल इतकं. त्याच वेळी हिरवळीचं रोजचं पाणी दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, असं कमी करत आणा. थंडीत झाड फारसं पाणी मागत नाही, त्यामुळे ही बदली त्याला सोसते. होळीपर्यंत हिरवळ पूर्ण तोडा, झाडाचं गोल पाणी मात्र पुढचे दोन उन्हाळे चालू ठेवा. संत्र्याच्या बागेला ताण देणाऱ्या वरुड-मोर्शी-काटोलच्या शेतकऱ्याला पाणी हळूहळू तोडायची कला शिकवायला लागत नाही.

झाडाच्या घेराखाली रोटाव्हेटर किंवा नांगर घालू नका. हिरवळीतल्या झाडाची अर्धी मुळं वरच्या वीतभरातच असतात, एका फेऱ्यात ती जातात. तिथे फक्त खुरपं चालवा. त्यावर खोक्यांचे पुठ्ठे अंथरा, ते भिजवा, वर कुटार किंवा पालापाचोळा. बाकीच्या मोकळ्या जागेत हरळी असेल, आणि असणारच, तर ती नुसती खुरपून जात नाही. जमिनीखालचा एक कांडा राहिला तरी मृगाच्या सरीला ती परत येते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात खोल नांगरून ढेकळं उलटी पाडा, कांडे वेचून बाहेर टाका, महिनाभर तापू द्या. तणनाशकाचा मोह टाळा : कोवळ्या झाडाच्या हिरव्या सालीवर किंवा बुडाच्या फुटव्यावर फवारा गेला तर झाडही जातं. फिनिक्समधले लोक जी हिरवळ पैसे मोजून जपतात, ती बहुतेक आपली हरळीच, तिच्याच सुधारित जाती. आपण वावरातून ती काढता काढता म्हातारे होतो. मात्र हरळीला सावली सोसत नाही. झाडांचा घेर वाढला की पाच-सहा वर्षांत ती आपोआप विरळ होते.

मग हिरवळीच्या जागी काय? गट्टू नको. गट्टू, बारीक गिट्टी, खाली प्लॅस्टिकची शीट, यांनी पाणी मुरत नाही आणि तापलेल्या जमिनीची झळ झाडाच्या बुंध्याला रात्रीपर्यंत लागते. फिनिक्समध्येही हिरवळ काढून सगळीकडे गिट्टी पसरलेली घरं आहेत, अंगणं तव्यासारखी तापतात आणि मधोमध एकटं झाड करपत असतं. चालायच्या वाटेपुरते गट्टू ठेवा, झाडाभोवती निदान चार-चार हात मोकळी माती. उरलेल्या जागेत मारवेल, पवन्यासारखं आपलं गवत वाढू द्या, ते उन्हाळ्यात पिवळं पडून झोपतं आणि पहिल्या पावसाला उठतं. पोळ्यानंतर कापून कोणाच्याही गाईला चारा.

लग्नाच्या लॉनवाल्यांना वेगळं सांगावं लागतं, कारण त्यांचा हंगामच तुळशीच्या लग्नानंतर ते मेपर्यंत, म्हणजे हिरवळ सगळ्यात जास्त पाणी पिते तेव्हाचा. त्यांनी स्टेजसमोरच्या फोटोपुरता तुकडा ठेवावा आणि बाकी जागेत करंज, कडुनिंब, शिरीष लावून खाली मुरूम दाबावा. मेच्या लग्नात पाहुणे हिरवळीवर बसत नाहीत, सावली शोधत भिंतीकडे सरकतात.

उरलेलं, थोडक्यात

दुपारनंतरच्या उन्हाने बुंध्याची नैऋत्येकडची साल तडकते. संत्र्याला लावतो तसा बोर्डोचा मलम किंवा नुसता चुना दोन हात उंचीपर्यंत लावा. लोखंडी जाळीचा कडा किंवा बांधलेली दोरी बुंध्यात रुतत नाही ना, हे वर्षातून एकदा बघा. आधाराची काठी दुसऱ्या वर्षी काढून टाका, वाऱ्यात थोडं हलल्याशिवाय बुंधा जाड होत नाही. बकऱ्यांसाठी जाळीपेक्षा बोरीच्या काट्यांचं कुंपण स्वस्त आणि खात्रीचं, आणि गायक्याला, म्हणजे गुराख्याला, विश्वासात घेतलं तर त्याहून खात्रीचं.

खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यात, पानांची टोकं जळत असतील आणि आळ्यात पांढरा थर दिसत असेल तर दोष पाण्याचा आहे. थोडं-थोडं खारं पाणी रोज टाकल्याने क्षार वरच साचतात. तिथे छताचं पाणी साठवून झाडाला द्या, बोअरचं फक्त अडल्यानडल्या वेळी. गावातल्या आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी झाडांना सोडायची कल्पना चांगली वाटते, पण ते मूळ पाण्यापेक्षाही खारट असतं. त्याने झाड जगत नाही, माती मात्र बिघडते.

शाळेच्या झाडांचं कारण अनेकदा निव्वळ कॅलेंडरात असतं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे नेमक्या वैशाख-ज्येष्ठात झाडांना कोणी वाली नसतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका माणसाचं नाव, त्याची मजुरी आणि पाण्याच्या टाकीची किल्ली ठरली पाहिजे. तेवढं होत नसेल तर प्रत्येक झाडाजवळ कुंभाराकडचं न भाजलेल्या अंगाचं नव्हे, चांगलं भाजलेलं पण बिनरंगाचं मडकं गळ्यापर्यंत पुरा. भरून झाकण ठेवलं की ते सावकाश पाझरत राहतं, तीन-चार दिवसांनी भरलं तरी चालतं.

आणि झाड निवडताना गावाच्या शिवारात बांधावर बिनपाण्याचं काय उभं आहे ते आधी बघा : कडुनिंब, करंज, चिंच, बेल, बाभूळ, हिवर, बहावा. काळ्या खोल जमिनीत चिंच आणि कडुनिंब, मुरमाड उतारावर सीताफळ आणि हिवर, खारट जागी करंज, बोर, बाभूळ. झटपट हिरवं दिसतं म्हणून कोनोकार्पस आणू नका. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, आणि त्याच्या मुळांनी पाइपलाइन फोडल्याच्या तक्रारी जिथे तो लावला तिथे होतातच. रोपवाटिकेत सगळ्यात उंच रोपाकडे हात जातो, तो आवरा. पिशवी उचलून तळ बघा. मूळ पिशवी फोडून खालच्या जमिनीत गेलेलं आणि उचलताना तुटलेलं असेल, तर ते रोप कितीही डौलदार दिसलं तरी तिथेच ठेवा आणि शेजारचं बुटकं, जाड बुंध्याचं घ्या.